सात नंबरची रिकामी जागा

भिवंडीत कॉम्प्युटरवर काम करते असं सांगितलं की नव्वदच्या दशकात लोक मला दोन प्रश्न विचारायचे. खोलीत एसी आहे का, आणि आत जाताना चप्पल बाहेर काढावी लागते का. दोन्हींचं उत्तर हो असायचं, त्यामुळे आमच्या वस्तीत माझा भाव चांगलाच वधारला होता. शेजारच्या एक बाई आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी चप्पल काढून नोकरीला जाते म्हणजे देवळातच आहे की." आम्ही बौद्ध. आई म्हणाली, "देवळात कशाला, लायब्ररीत म्हणा."

खरं तर ती खोली म्हणजे पॉवरलूमच्या कारखान्यात एका कोपऱ्याला काचा लावून केलेली केबिन होती. काचेपलीकडे अठ्ठेचाळीस लूम खडखडत असायचे. एसी माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. तरी सुताचा बारीक तूस दाराच्या फटीतून आत यायचा आणि कीबोर्डवर बसायचा. रोज सकाळी रंगाच्या ब्रशने तो झाडायचा, मग मशीन चालू करायचं, हा माझा नेम होता.

कारखान्याचे शेठ कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले. त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो हौसेने नाही, मेहतांच्या डोळ्यांमुळे. मेहता म्हणजे कारखान्याचा लिहिणारा माणूस. कोण कामावर आहे, कोणत्या लूमवर कोण उभा राहील, ताण्याच्या सुताचं कुठलं बीम कधी संपेल, हे सगळं त्याच्या कागदावर असतं. आमच्या मेहतांना सगळे चाचा म्हणायचे, मीही. शेठच्या वडिलांच्या काळापासून ते तिथे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि एकेक करून ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्यांच्या मागे याद्या कोण करणार, म्हणून शेठने मला ठेवून घेतलं.

यादीचा प्रकार साधा होता. एक कारागीर चार लूम चालवायचा आणि त्या चार लूमना मिळून त्याची 'जागा' म्हणायचे. अशा बारा जागा. चाचा दिवसपाळीची यादी एका ओळीत लिहायचे, जागांच्या क्रमाने नुसती नावं, एकेका शब्दाची. आकडे घालायची त्यांना गरजच वाटत नसे. पहिलं नाव पहिल्या जागेवरचं, सातवं नाव सातव्या जागेवरचं. नावांच्या मध्ये कधी स्वल्पविराम, कधी अर्धविराम, कधी आडवी रेघ, पेन जसं टेकेल तसं. ही ओळ जशीच्या तशी कॉम्प्युटरवर टाइप करायची आणि तिचा आकडे घातलेला, एकाखाली एक नावांचा छापील कागद काढून दाराशी लावायचा, एवढंच माझं काम होतं.

कल्याणच्या क्लासमधल्या सरांनी मला प्रोग्राम लिहायची पर्ल नावाची भाषा फ्लॉपीवर घालून दिली होती. सरांचे माझ्यावर उपकारच आहेत. क्लास संपल्यावरही मी शंका घेऊन जायची आणि ते डबा बाजूला ठेवून समजावायचे. त्या भाषेत ओळ कापायची एक सोय होती. कुठे कापायचं ते एका नमुन्यात लिहून द्यायचं. चौकोनी कंसात स्वल्पविराम, अर्धविराम, रेघ, मोकळी जागा असं सगळं घातलं की यातलं काहीही दिसलं तरी ओळ तिथे तुटणार. शेंग सोलल्यावर दाणे पडावेत तशी नावं वेगळी होऊन पडायची. मी तर त्या सोयीच्या प्रेमातच पडले होते. घरी आईने दिलेली वाणसामानाची यादीसुद्धा मनातल्या मनात कुठे कापता येईल ते बघायची.

चाचांची पहिली यादी टाइप करताना मला दिसलं की एका ठिकाणी दोन स्वल्पविराम लागोपाठ आलेत. मध्ये काहीच नाही. मला वाईट वाटलं. बिचाऱ्यांना आधी दिलेला स्वल्पविराम दिसला नसेल, म्हणून पुन्हा एक दिला असेल. हे त्यांना दाखवून कशाला लाजवायचं? सर म्हणायचे, चुका हाताने दुरुस्त करत बसू नका, प्रोग्रामला सांभाळायला लावा. मी नमुन्याच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह टाकलं:

`[ ,;-]+`

त्या अधिकचा अर्थ, कापायची खूण एक असो की लागोपाठ कितीही असोत, ती एकच समजायची. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांची चूक माझा प्रोग्राम परस्पर पोटात घालणार होता. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःला मलईबर्फी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी चाचा ऑपरेशनसाठी ठाण्याला गेले. जाताना म्हणाले, "काय अडलं तर घरी ये, पोरी. लाजू नको." मी हो म्हटलं, पण माझं काही अडेल असं मला वाटत नव्हतं. मी आधी रात्रपाळीच्या यादीवर प्रोग्राम चालवून बघितला होता आणि बाराच्या बारा नावं बरोबर आली होती. ज्या यादीत लागोपाठ दोन स्वल्पविराम नव्हतेच ती यादी मी तपासायला घेतली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी तेव्हा हाकत होते.

शुक्रवारी सुट्टी झाली आणि शनिवारी सकाळी दिवसपाळीचा कागद निघाला. अकरा नावं आली. बारावी ओळ आलीच नाही. मी शेठना सांगितलं, "शेठ, बारा नंबरची जागा रिकामी आहे." शेठ फोनवर होते. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "मग भरून टाक. तो बदलीवाला आहे ना, त्याला दे. पक्का कर."

बदलीवाला गणेशपुरीकडच्या एका गावातला. भाताची कापणी झाली की तो लूम चालवायला यायचा आणि जो कुणी सुट्टीवर असेल त्याच्या जागेवर उभा राहायचा. चाचांच्या कागदावर त्याचं नाव सगळ्यांच्या खाली, निराळं लिहिलेलं असायचं. मी ते उचलून बारा नंबरपुढे घातलं आणि कागद पुन्हा काढला. छापील कागदात स्वतःचं नाव आहे असं कुणीतरी सांगितल्यावर तो काचेशी आला आणि कागदाकडे बोट करून हातानेच विचारलं, मी? मी मान हलवली. त्याने हात जोडले. आपल्या हातून पुण्य घडलं असं मला वाटलं.

त्या सकाळी पाच कारागीर आपापलं सामान उचलून एकेक जागा अलीकडे सरकले. कुरकुर झाली. ज्याला त्याला आपल्या चार लूमच्या खोडी ठाऊक असतात, कुठला धागा तोडतो, कुठला गरम होतो. पण शेठने काहीतरी बदल केला असेल, असं धरून सगळे गप्प बसले. हाताने लिहिलेल्या कागदावर त्यांनी चाचांशी हुज्जत घातली असती. छापलेल्या कागदाशी कोण घालणार?

दोनेक आठवड्यांनी, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी, एक माणूस खांद्यावर बोचकं घेऊन दाराशी आला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. कागद इंग्रजी अक्षरांत होता, तेव्हाचं आमचं मशीन मराठी छापत नव्हतं, म्हणून त्याने बोटाने वरून ओळी मोजल्या. सातव्या ओळीवर बोट थांबलं. मग तो सरळ आत गेला आणि सात नंबरवर उभ्या असलेल्या कारागिराशी लूमच्या आवाजात हातवारे करून काहीतरी बोलला. त्या कारागिराने कागदाकडे हात दाखवला. मग तो माणूस चप्पल काढून माझ्या केबिनमध्ये आला.

"मैडम, हम सात नंबर वाले हैं," तो म्हणाला आणि आपलं नाव सांगितलं.

मी फाइल शोधली. अथपासून इतिपर्यंत शोधली. "लिस्ट में आपका नाम नहीं है."

"नाम कैसे होगा, हम तो मुलुक में थे. माँ बीमार थी." त्याने मुंडण केलेल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. "नाम नहीं, जगह होगी."

"सात नंबर पे दूसरे का नाम है."

"चाचा बोले थे, जगह रहेगी."

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बाहेर जाऊन पायरीवर बोचक्याशेजारी बसला. काचेतून मला त्याचं डोकं दिसत होतं. जागा नसली की काय होतं ते एव्हाना मला कळलं होतं. राहायची खोली कारखान्याच्या ओळखीवर मिळते, खानावळीतलं ताट कारखान्याच्या नावावर लागतं. जागा गेलेला माणूस दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या कारखान्याच्या दारात बदलीवाला म्हणून पहिल्यापासून उभा राहतो. हा तर नुकता आईला अग्नी देऊन आला होता.

मी चाचांचा मूळ कागद घेतला आणि रिक्षाने त्यांच्या घरी गेले. चाचा पलंगावर बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला दिसत न्हाय. तू वाच."

मी नावं वाचली.

"परत वाच."

परत वाचली.

"सहाव्यानंतर कोन?"

मी सातव्या जागेवर आलेलं नाव सांगितलं.

"न्हाय. मधी काय लिवलंय, ते वाच."

"मध्ये दोन स्वल्पविराम आहेत, चाचा." माझा आवाज आपोआप बारीक झाला. "चुकून पडला असेल एक, असं मला वाटलं."

चाचांनी पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला आणि खो खो हसले. त्यांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. "अगं पोरी, डोळे गेलेत. हात न्हाय गेला." मग त्यांनी मला समजावलं. माणूस मुलखाला गेला की त्याचं नाव काढायचं, जागा काढायची नाही. नाव ठेवलं तर तो कामावर आहे असा अर्थ होतो. बदलीवाल्याचं नाव तिथे लिहिलं तर जागा बदलीवाल्याची होते. म्हणून तिथे काहीच लिहायचं नाही आणि बदलीवाल्याला खाली वेगळं ठेवायचं. भिवंडीत अर्धे कारागीर वर्षातून एकदा गावाला जातात, आणि परत येतात ते या दोन स्वल्पविरामांच्या भरवशावर.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठावं हाय."

मी रडायच्या बेताला आले होते. चाचांना ते ऐकूनच कळलं असावं. म्हणाले, "असं कर. शेठला सांग, चाचाला दिसलं न्हाय, चाचानं घोळ केला. मी तर आता घरीच बसनार. तुझी नवी नोकरी हाय."

खोटं कशाला सांगू, परतीच्या रिक्षात चाचांवर ढकलून मोकळं व्हावं, असा विचार मी केला. सोपं होतं. शेठने विश्वास ठेवला असता, कारण त्यांच्या डोळ्यांच्या गोष्टी आधीच कारखानाभर झाल्या होत्या. पण ज्या माणसाने स्वतःचं नाव माझ्यासाठी पुढे केलं, त्याच्या हाताला मी चूक कशी चिकटवू? एकदा ती मनात चिकटवून झालीच होती. आजही माझ्या हातून काही बिघडलं की मी पहिल्या मिनिटाला सांगून मोकळी होते. लोक त्याला माझा स्वभाव म्हणतात. तो माझा स्वभाव नाही, चाचांनी दिलेली गोष्ट आहे.

शेठ पायरीवरच्या माणसाशी बोलत उभे होते. मी म्हटलं, "शेठ, चूक झालीय."

"मशीन चुकली?"

"नाही, मी चुकले. चाचांनी बरोबर लिहिलं होतं."

शेठनी दाराशी लावलेल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "बारा नंबरवाल्याला मी पक्का केलाय, तुझ्या कागदावरून. आता त्याला तू सांगायचं. मी न्हाय."

नोकरीवरून काढलं असतं तरी चाललं असतं असं मला तेव्हा वाटलं. मी बारा नंबरपाशी गेले. त्याने लूम थांबवले. मी त्याला सगळं सांगितलं.

"पन कागदात हाय ना माजं नाव?"

"माझ्या चुकीने आलं, दादा."

"घरी सांगून आलो मी, पक्का झालो म्हनून." मग तो लूमकडे वळला. "त्याची जागा सातला हाय, ते मला ठावं व्हतं. मीच तितं उबा व्हतो. मला वाटलं, शेठनी त्याला काडला."

पुढे बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पेरणीआधी गावी गेला आणि पुढच्या वर्षी कापणीनंतर परत आला, तेव्हा काचेतून हात केला. मी उभी राहून हात केला. त्याला जागा मिळायला आणखी एक वर्ष गेलं. त्याच्यापुढे माझी मान आजही खालीच आहे.

शेठपुढे चूक कबूल केली त्याच दुपारी मी अधिकचं चिन्ह काढलं. नमुना असा झाला:

` *[,;-] *`

म्हणजे खूण एक आली की एकदाच कापायचं, आजूबाजूची मोकळी जागा झटकायची, आणि दोन खुणांच्या मध्ये काही नसलं तरी ते 'काही नाही' जपून ठेवायचं. सात नंबर रिकामा आला, आठपासून पुढचे आपापल्या ठिकाणी गेले. मी मशीन बंद करायला निघाले आणि मग मला आठवलं की मी निघताना चाचा पलंगावरून ओरडून म्हणाले होते, "बाराव्याचं पन बघ गं!" मी शेवटचं नाव काढून, त्याच्या आधीचा स्वल्पविराम तसाच ठेवून प्रोग्राम चालवला. कागदावर अकराच ओळी आल्या. बारा नंबर आकड्यासकट गायब. ती भाषा शेवटी आलेल्या रिकाम्या जागा न विचारता फेकून देते. सरांनी दिलेल्या झेरॉक्सच्या पानांत शोधून शोधून मला सापडलं की तिला वजा एक असा एक आकडा दिला की ती शेवटचं रिकामंही राखते. ज्या माणसाने कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नव्हतं, त्याने तो दोष घरी पलंगावर बसून ओळखला होता. कारण बारा नंबरवालाही कधीतरी गावाला जाणार, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि माझ्या डोक्यात फक्त ओळ होती.

पुढे मी ठाण्याला, मग मुंबईला मोठमोठ्या ऑफिसांत गेले. तिथे कुणाच्याही फाइलमध्ये काही रिकामं दिसलं की मी आधी ती फाइल लिहिणाऱ्याला गाठते. हाताखालची मुलं कंटाळतात. कंटाळू देत. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काय आहे ते मला एका हिरवी पट्टी बांधलेल्या माणसाने शिकवलं, आणि ते शिकताना माझ्या चुकीची किंमत दुसऱ्या दोघांनी मुकाट मोजली. तिघांचंही ऋण माझ्यावर आहे आणि ते फेडायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

तेव्हा, नमुना बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नवा कागद लागला. पाचही कारागीर कुणी न सांगता एकेक जागा पलीकडे गेले आणि सात नंबरच्या लूमवर मुंडण केलेलं डोकं दिसायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत लूम थांबले तेव्हा तो केबिनशी आला. चप्पल काढून आत येऊन उभा राहिला. आभार मानायला आला असेल म्हणून मी अवघडले. तो त्यासाठी आला नव्हता.

"मैडम, माँ की बरसी में फिर जाना पड़ेगा. तब क्या होगा?"

मी त्याला सांगायला लागले की मी आता प्रोग्राम बदललाय, आता तसं होणार नाही. तो मान हलवत होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? शब्दाला शब्द लावत राहण्यापेक्षा मी ओळीतून त्याचं नाव काढलं आणि छापायला दिलं. प्रिंटर करकरला. कागद फाडून मी त्याच्यापुढे धरला.

त्याने वरून मोजायला सुरुवात केली. एक, दो, तीन. बोट प्रत्येक नावावर थांबत खाली आलं आणि सातावर आलं. सात हा आकडा, आणि त्याच्यापुढे कोरा कागद. त्याखाली आठ नंबर, आठ नंबरवाल्याच्याच नावाने. त्याने बोट आकड्यावरून उजवीकडे, कोऱ्या भागावर सरकवलं आणि तिथे ठेवलं.

"ये हम हैं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

हा कागद घेऊ का, असं त्याने विचारलं. बाकी अकरा जणांची नावं असलेला आणि त्याचं नाव नसलेला तो कागद त्याने चार घड्या घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, आणि चपला घालून आपल्या जागेवर गेला.